स्वयंपाकघराकडचा ब्रेक

बेकरीची पाटी पडली तेव्हा सासूबाई गाडीतून उतरल्या, पाटी उचलून भिंतीला टेकवली आणि बेकरीवाल्याला म्हणाल्या, "मी थांबले होते. गाडी थांबली नाही."

घरी आल्यावर हेच वाक्य त्यांनी आम्हालाही ऐकवलं, अगदी त्याच शब्दांत. म्हणजे ते वाटेत पाठ झालेलं होतं. बेकरीवाल्याने काही मनावर घेतलं नाही. त्याची दोन्ही मुलं सासूबाईंच्या हातून जगात आलेली. त्या नर्स होत्या, आणि निवृत्त होईपर्यंत हीच गाडी घेऊन वेळी-अवेळी घरोघर बाळंतपणं करत हिंडल्या. मनावर घेतलं ते माझ्या नवऱ्याने.

गाडी माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी आहे. म्हणून घरात तिला 'थोरली' म्हणतात. नवरा खरं तर एकुलता एक, पण वाढला धाकट्यासारखा. लहानपणी याला बूट हवे असले आणि थोरलीला टायर, तर टायर आधी यायचे, हे तो अजून सांगतो. सासूबाई म्हणतात, "मग? बूट घालून तू बाळंतिणीकडे पोचवणार होतास का मला?"

"आई, आता पुरे," त्या दिवशी तो म्हणाला.

"काय पुरे?"

"गाडी चालवणं. आज पाटी होती, उद्या माणूस असेल."

"आधी मागचे ब्रेक उघडून बघ, मग मला शिकव."

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. ब्रेक या विषयावर त्याच्याशी बोलू नये. जेवण गार होतं. त्याने मागची चाकं काढली, ड्रम उघडले आणि बराच वेळ आत बघत बसला. अॅक्सलचं तेल गळून आतले पट्टे तुपात बुडवल्यासारखे झाले होते. दोष गाडीचा निघाला म्हणून कष्टी झालेला मेकॅनिक मी पहिल्यांदाच पाहिला.

पण माणूस सरळ. त्याने येऊन सांगितलं, आणि सांगता सांगता तहही मांडला. मागच्या अॅक्सलला जुने ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवायचे. मग बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात खडूने रेघ मारायची. सासूबाई रेघेच्या आत थांबल्या तर किल्ली त्यांची. रेघ ओलांडली तर किल्ली कायमची याची.

"चालेल," सासूबाई म्हणाल्या. "फक्त रेघ तू मारायची नाहीस. ही मारेल."

ही म्हणजे मी. दोघांच्या भांडणात मी नेहमी खडूसारखीच वापरली जाते.

त्या संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना त्या हळूच म्हणाल्या, "ब्रेक नवे झाले आणि तरी नाही थांबली, तर मग काय म्हणायचं गं?"

"पाटीच वाकडी लावली होती म्हणायचं," मी म्हटलं.

त्या हसल्या. पण एकच टॉवेल त्यांनी दोनदा उलगडला, दोनदा त्याची घडी घातली, आणि मला कळलं की यांना नवऱ्याची भीती नाही, रेघेचीही नाही. आपण खरंच थांबलो होतो का, हे त्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं.

सामान आणलं नवऱ्याच्या मामेभावाने. त्यांचा भंगाराचा धंदा आहे, म्हणून सगळे त्यांना भंगारभावोजीच म्हणतात, आणि ते ओ देतात. एका मोडीत निघालेल्या गाडीचे मागचे ब्रेक त्यांनी पोत्यात घालून आणले आणि माझ्या पुसलेल्या ओट्यावर ठेवले.

"वहिनी, चहा टाका. आत्याचे पाय आणलेत."

ज्यांना या विषयात गती नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही नव्हती. ड्रम ब्रेक म्हणजे झाकण घातलेलं पातेलं. आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही आणि बिघडलं की वास आल्यावरच कळतं. डिस्क ब्रेक म्हणजे उघडी ताटली, चाकाबरोबर फिरणारी. तिला सांडशीसारखी पकडणारी वस्तू म्हणजे कॅलिपर. पाय दाबला की नळीतून तेल जातं, सांडशी ताटली धरते, गाडी थांबते. नळीत हवा राहिली तर पाय नुसता उशीत बुडाल्यासारखा खाली जातो. म्हणून हवा काढायला प्रत्येक कॅलिपरला एक बारीक स्क्रू असतो.

आता कॅलिपर दोन, एक डावा आणि एक उजवा. इथे आमच्या घराची अडचण सांगायला हवी.

नवरा डावखुरा आहे. लहानपणी सासूबाईंनी त्याला शिकवलं, "लिहायचा हात तो उजवा." घाईत होत्या, कुणाला तरी कळा सुरू झाल्या होत्या. तो ज्या हाताने लिहायचा तो हात त्याने उजवा म्हणून पाठ केला. पुढे शाळेत दुरुस्ती झाली, पण ती वरवरची. अजून 'डावीकडे' म्हटलं की तो क्षणभर दोन्ही हातांकडे बघतो आणि मग चुकतो. लिफ्टमध्ये निभावून जातं, तिथे वर आणि खाली एवढंच असतं. घरात मात्र आम्ही ते दोन शब्द वापरणंच सोडून दिलं. जेवायच्या टेबलाला खिडकीकडची खुर्ची आणि फ्रीजकडची खुर्ची. प्रवासात 'माझ्याकडे वळवा' आणि 'तुमच्याकडे वळवा'. आणि गॅरेजमध्ये, कारण गॅरेजच्या एका अंगाला स्वयंपाकघराचं दार आहे आणि दुसऱ्या अंगाला नुसती भिंत, 'स्वयंपाकघराकडचा' आणि 'भिंतीकडचा'.

कॅलिपर एकदा लावून बघितले, छान बसले. नवऱ्याने मार्करने एकावर 'स्व' आणि दुसऱ्यावर 'भिं' असं लिहिलं, रंग द्यायला काढून घेतले, अक्षरांवर चिकटपट्टी लावून रंगवले आणि वाळत टाकले.

तेव्हा गाडीचं तोंड आत आणि पाठ रस्त्याकडे होती. गाडीखाली झोपलेल्या नवऱ्याचे फक्त पाय बाहेर दिसायचे, आणि पाय दिसले की माणसं थांबतात, हे मला नवीन होतं. तोंड दिसणाऱ्या माणसाला सल्ला द्यायला लोक बिचकतात. पायांना बिनधास्त देतात.

"ड्रमच बरे होते हो," एक गृहस्थ पायांना म्हणाले.

"आमच्या साडूने असंच केलं होतं," दुसरे म्हणाले, आणि साडूचं पुढे काय झालं ते न सांगताच गेले. नवरा रात्रभर त्या साडूचा विचार करत होता.

शेवटी वैतागून त्याने गाडी फिरवायची ठरवली. पाठ आत, तोंड रस्त्याकडे. चाकं तात्पुरती बसवली, भावोजी आले, आणि आम्ही तिघांनी ढकलून गाडी बाहेर काढली, वळवली आणि उलटी आत घातली. सुकाणूवर सासूबाई. गाडीला तेव्हा एकही ब्रेक नव्हता. भावोजी वीट घेऊन चाकाबरोबर धावत होते.

गाडी जागेवर आली तशा सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "बघ. ब्रेक नसताना तरी कुठे आपटले का?"

"आई, ढकलत आम्ही होतो."

"थांबवत कोण होतं?"

"वीट," भावोजी म्हणाले. त्या दिवशी त्यांना बिस्किटं मिळाली नाहीत.

रंग वाळला. 'स्व' लिहिलेला कॅलिपर स्वयंपाकघराच्या बाजूला लागला, 'भिं' भिंतीच्या बाजूला. नवऱ्याने चिकटपट्ट्या काढताना मला हाक मारून दाखवलंसुद्धा, की पद्धतशीर काम कसं असतं ते बघ. मी बघितलं. भावोजींनी बघितलं. कुणालाही काही वाटलं नाही.

हँडब्रेकची केबल मात्र बसेना. तिच्या टोकाचा आकडा जिकडे हवा त्याच्या नेमका उलट बाजूला येत होता.

"कंपनीने असं का केलं असेल?" नवऱ्याने विचारलं.

"कंपन्या काय, काहीही करतात," भावोजी म्हणाले. "मी त्यांचंच भंगार विकतो."

मग नवऱ्याने पत्रा कापून, वाकवून, भोकं पाडून एक खास जोड बनवला, केबलला वळसा घालून मागून आणणारा. तो त्याने इतक्या अभिमानाने बसवला की मी एक फोटो काढला.

नंतर हवा काढायचं काम. मी ड्रायव्हरच्या सीटवर, नवरा मागे गाडीखाली, स्क्रूला लावलेली पारदर्शक नळी बाटलीत, आणि सासूबाई स्टुलावर.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव."

"ठेवलंय."

"सोड."

मी पाय सोडला. मागून काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

"अगं, सोड म्हणजे मी स्क्रू सैल सोडतो. तू नाही सोडायचं."

"मग 'सोडतो' म्हणा ना. 'सोड' काय?"

"बरं, दाब. धर. सोडतो. सोडला. आवळतो. आता सोड."

"कोणी?"

"तू."

"आमच्याकडे दोनच शब्द होते," सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या. "जोर कर, आणि थांब. एकाही बाळंतिणीने विचारलं नाही, कोणी."

आधी नळीतून बुडबुडे आले, मग स्वच्छ तेल. दोन्हीकडून. नवऱ्याने नळी उजेडात धरून पाहिली, एक बुडबुडा दिसेना. तरी पायाखालचा ब्रेक मऊच. पुन्हा केलं. पुन्हा स्वच्छ तेल, पुन्हा मऊ ब्रेक. नवरा ब्रेकचं तेल ढकलणारा मोठा सिलिंडर बदलून आला, नळ्या बदलून आला, माझ्यावर एकदा आणि भावोजींवर बऱ्याचदा ओरडला. माझी पोटरी इतकी दुखायला लागली की मी घरात जिने चढताना तोंडाने 'दाब, सोड' म्हणत होते.

शेवटी त्याने स्वतः गाडी बाहेर काढून गल्लीच्या टोकापर्यंत नेली. आम्ही दारातून बघत होतो. ब्रेकचा दिवा लागला, विझला, लागला, विझला, लागला, आणि मग कुठे गाडी थांबली. तीन वेळा पाय मारावा लागला. तशीच हळूहळू उलटी आणून त्याने ती आत घातली.

तो आत आला, हात धुतले, किल्ली टेबलावर ठेवली.

"आई, डिस्क लावूनही हे असं. मी सगळं करून पाहिलं. आवारात नेण्यात अर्थ नाही."

मी सासूबाईंकडे पाहिलं. आता पाटी येईल, बाळंतिणी येतील, टायर आणि बूट येतील. मी कपबशा जरा आत सरकवल्या.

त्यांनी किल्ली बोटाने त्याच्याकडे ढकलली.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि उठून आपल्या खोलीत गेल्या.

माझ्या लग्नानंतर सासूबाईंनी नुसतं 'बरं' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांच्या 'बरं'ला नेहमी 'पण' जोडलेला असतो. नवऱ्यालाही ते लागलं असावं, कारण हवी असलेली किल्ली समोर असून त्याने ती उचलली नाही. जेवला नाही धड. दुपारी पुन्हा गाडीखाली गेला, हत्यारं आवरायची आहेत म्हणून.

मी ओल्या कपड्यांची बादली घेऊन गॅरेजमधून जात होते. गाडीच्या बाजूने पाय बाहेर. गेला महिनाभर मी त्या पायांशीच संसार केलेला, त्यामुळे मला ते वाचता यायला लागले होते. काम जमत असलं की पंजे हलतात. चिडला की टाचा घासतात. आता ते अजिबात हलत नव्हते. मी बादली खाली ठेवली.

"बरं वाटतंय ना?"

"अगं," आतून आवाज आला, "स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे?"

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर का होईना, हा प्रश्न त्याला पडला.

"हे काय, इथे. मी त्याच्याच दारात उभी आहे."

"आणि हा कॅलिपर कुठला?"

मी वाकून पाहिलं. "स्व लिहिलंय. बरोबर आहे की."

"आता बरोबर आहे. लिहिलं तेव्हा गाडीचं तोंड आत होतं."

मी बादलीवरच बसले. गाडी आम्ही तिघांनी मिळून फिरवली होती, दम लागेपर्यंत. स्वयंपाकघर फिरवायचं राहून गेलं.

तो बाहेर आला आणि फरशीवरच बसला. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. आकडा म्हणून उलटा येत होता. आणि हवेचा स्क्रू, जो वर हवा, तो खाली.

"हवा वरच्या कोपऱ्यात बसलीय," तो म्हणाला, "आणि मी तिला खालून हाका मारतोय. खालून तेल स्वच्छच येणार. रोज लिफ्ट वर-खाली करतो मी. मला वर-खाली कळू नये?"

मी उठले. चहा करून आणला. त्याने कप हातात घेतला आणि प्यायला नाही.

"आई बरं म्हणालीय," तो म्हणाला.

"हो."

"स्वतःहून म्हणालीय. भांडण नाही, काही नाही."

"हो."

"आता गाडी अशीच राहिली तर कोणाला कळणार नाही."

"मला कळलंय की."

"तू सोड."

"कोणी सोडायचं?" मी विचारलं.

तो हसला नाही. रस्त्यावर आईची गाडी दिसेनाशी झाली की ती परत येईपर्यंत हा गॅलरीत झाडांना पाणी घालतो. आमची दोन झाडं त्या पाण्याने मेली आहेत. हे मला माहीत होतं, म्हणून मीही हसले नाही. त्याने मान वाकवून पुन्हा गाडीखाली पाहिलं.

"पण स्क्रू खाली आहे गं," तो म्हणाला. घरात कोणी उपाशी आहे असं सांगावं, तशा आवाजात.

मग उठला, सासूबाईंच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "आई, उलटे लागलेत. माझ्याकडून. आज बदलतो."

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. "लिहायच्या हाताने लावलेस का?" एवढंच त्यांनी विचारलं. पण टेबलावरची किल्ली उचलायला त्याही आल्या नाहीत. आता गाडीवर ढकलायला काही उरणार नव्हतं.

कॅलिपर बदलायला फार वेळ लागला नाही. केबल आपोआप सरळ जागेवर आली आणि नवऱ्याचा खास जोड निरुपयोगी झाला. तो फेकायला त्याला जड गेलं. भावोजींनी भंगारात घेतो म्हटल्यावर तर आणखीच. हवा काढताना पहिल्याच वेळी नळीतून इतके बुडबुडे आले की मला त्या हवेची कीव आली. आणि मग पायाखाली ब्रेक लागला. टणक, वरच्या वर. मी पाय तसाच धरून ठेवला.

"काय झालं?" नवऱ्याने मागून विचारलं.

"भिंत लागली," मी म्हटलं.

गोदामाच्या आवारात आम्ही सुटीच्या दिवशी सकाळी गेलो. ठरलं असं, की सासूबाई फाटकापासून वेग घेऊन येतील, मी हात वर केला की ब्रेक. रेघ मीच मारली. आधी जरा लांब मारली, मग मलाच लाज वाटली आणि पायाने पुसून जवळ घेतली. नवरा बघत होता.

तो सासूबाईंशेजारी बसला. गाडी निघाली. लांबून मला दोन चेहरे दिसत होते, एकसारखे, एकसारख्या आठ्या घातलेले. मी हात वर केला.

गाडीचं नाक खाली झुकलं, मागची बाजू जमिनीला धरल्यासारखी बसली, आणि थोरली उभी राहिली. रेघेच्या कितीतरी अलीकडे.

भावोजींनी टाळ्या वाजवल्या. मी गाडीपाशी गेले. सासूबाईंचे दोन्ही हात सुकाणूवर होते आणि श्वास जोरात चालला होता. नवऱ्याचा पाय पुढच्या पत्र्याला टेकलेला, तिथे नसलेला ब्रेक दाबून धरलेला.

"झालं, आई," तो म्हणाला. "जिंकलीस."

"रेघ जवळ घे," सासूबाई मला म्हणाल्या.

"अगं आई, झालं की."

"तू गप्प बस. मला जिंकायचं नाहीये, मला बघायचंय."

मी रेघ जवळ घेतली. त्या थांबल्या. आणखी जवळ घेतली. थांबल्या. नवरा आधी 'पुरे' म्हणत होता, मग स्वतःच खाली उतरून पावलांनी अंतर मोजून मला जागा दाखवायला लागला. शेवटी एकदा पुढची चाकं रेघेच्या पलीकडे गेली. थोडीशीच, हातभर. सासूबाई उतरल्या, वाकून रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा रेघेकडे. दुकानात माप लावून बघावं तसं.

"म्हणजे एवढं लागतं मला," त्या म्हणाल्या. "पूर्वी कमी लागायचं."

"चालतंय की, आई," नवरा म्हणाला.

"चालतंय. पण अंधारात हिचा हात मला दिसला नसता. दिवे लागल्यावर मी नाही चालवणार. तेव्हा तू ने मला."

किल्ली देताना काय बोलायचं ते नवऱ्याने तयार करून आणलं होतं, 'जपून' हा शब्द त्यात दोनदा होता, हे मला ठाऊक आहे कारण आंघोळ करताना तो मोठ्याने म्हणत होता. पण द्यायला किल्ली त्याच्याकडे होती कुठे. ती गाडीला लागलेली होती, आणि सासूबाई पुन्हा सुकाणूमागे बसून आरसा नीट करत होत्या.

"येताय का चालत जाताय?" त्यांनी विचारलं.

आम्ही बसलो. मी आणि भावोजी मागे. वाटेत करपल्यासारखा वास यायला लागला.

"ब्रेकचे पॅड गरम झालेत," नवरा म्हणाला. "इतकं थांबायची सवय नाही त्यांना. जरा हळू घे."

सासूबाईंनी इतकं हळू घेतलं की आमच्यामागे रांग लागली. कोणी भोंगा वाजवला की भावोजी खिडकीतून अर्धे बाहेर येऊन मागच्याला बजावत होते, "अंतर ठेवा हो, अंतर ठेवा. ही थांबते आता."